पेटी कानाने वाजते, आता पियानोचं स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर ठिपक्यांनी स्वर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) शिकायचं आहे. वाचताना स्वतःचं वाजवणं कसं टिकवायचं?

काळी_पाच (धागाकर्ता)

पेटी कानाने वाजवतो. अभंग, भावगीत, नाट्यपद ऐकून बसवता येतं, पट्टी बदलूनही वाजवता येतं. भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन वाचता येतं. आता घरात ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे आणि पाश्चात्त्य रचना थेट कागदावरून वाचायच्या आहेत. रोज पाऊण तास देता येतो.

अडचणी अशा:

१. प्रत्येक ठिपका रेघा मोजून ओळखावा लागतो. खाली सारेगम लिहून घेतलं की लगेच वाजतं. तसं लिहिणं योग्य आहे का?

२. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे बेस क्लेफही (खालच्या स्वरांच्या पाच रेघा) नवा आणि डाव्या हाताची बोटंही नवी.

३. हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. कागद समोर असला की त्याबाहेरचा एक स्वरही हाताला सुचत नाही. कागद काढला की मी पुन्हा कानावर जातो आणि वाचन मागे पडतं. दोन्ही एकत्र वाढावं यासाठी सराव कसा आखायचा?

मंद्रसप्तक

ठिपक्यांखाली सारेगम लिहू नका. अक्षर दिसत असताना डोळा ठिपक्याकडे जातच नाही, त्यामुळे सराव अक्षरं वाचण्याचा होतो. लिहायचंच असेल तर प्रत्येक ओळीचा पहिला स्वर आणि पाच स्वरांहून मोठी उडी जिथे पडते तो स्वर, एवढंच पेन्सिलने लिहा आणि आठवड्याने खोडून टाका.

रेघा मोजायची सवय सोडायची तर आधी खुणेचे स्वर पक्के करा. ट्रेबल क्लेफचा (वरच्या स्वरांच्या पाच रेघांवरच्या चिन्हाचा) वळसा खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतो, ती रेघ जी. बेस क्लेफचे दोन ठिपके वरून दुसऱ्या रेघेच्या वर-खाली बसतात, ती रेघ एफ. मधला सी ट्रेबलच्या खाली एका जादा रेघेवर आणि बेसच्या वर एका जादा रेघेवर येतो; तो एकच स्वर आहे. ट्रेबलमध्ये खालून तिसऱ्या घरात सी, बेसमध्ये वरून तिसऱ्या घरात सी. ट्रेबलच्या वर दोन जादा रेघांवर सी, बेसच्या खाली दोन जादा रेघांवर सी. घर म्हणजे दोन रेघांमधली जागा. मधल्या सीपाशी आरसा धरल्यासारखी ही मांडणी आहे, म्हणून ट्रेबलच्या खुणा पाठ झाल्या की बेसच्या अर्ध्या आपोआप होतात. या सात खुणा पियानोवर न अडखळता सापडेपर्यंत बाकीचे स्वर पाठ करण्याच्या मागे लागू नका.

खुणांच्या मधलं सगळं अंतराने वाचायचं, आणि इथे तुमचं सारेगम कामाला येतं. रेघेवरून लगतच्या घरात म्हणजे सा-रे इतकं अंतर. रेघेवरून पुढच्या रेघेवर म्हणजे सा-ग. मधे एक रेघ मोकळी सोडून पुढची म्हणजे सा-प, मधे दोन रेघा सोडून म्हणजे सा-नि. रेघ ते रेघ किंवा घर ते घर असेल तर अंतर सा-ग, सा-प, सा-नि यांपैकीच असतं. रेघ ते घर असेल तर सा-रे, सा-म, सा-ध किंवा सा-सां. डोळ्याला एवढी विभागणी सरावाची झाली की लगतच्या स्वराची चूक होत नाही; झालीच तर निदान दोन स्वरांची होते, आणि ती तुमचा कान लगेच पकडतो. हे अंतर पट्ट्यांच्या हिशोबातलं आहे. कोमल की शुद्ध हे की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची शार्प (अर्धा स्वर वर) किंवा फ्लॅट (अर्धा स्वर खाली) ही चिन्हं, ठरवते.

की सिग्नेचरसाठी सारेगमवाल्यांना फार सोपा नियम आहे. शार्प असतील तर शेवटचा शार्प म्हणजे नि. त्याच्या लगत वरचा स्वर सा. दोन शार्प, एफ आणि सी: सी शार्प नि, म्हणून सा डीवर, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी दोन. फ्लॅट असतील तर शेवटचा फ्लॅट म्हणजे म. तिथून चार स्वर खाली मोजा. बी आणि ई फ्लॅट असतील तर ई फ्लॅट म, सा बी फ्लॅटवर. ही तुमची काळी पाच. एकाहून जास्त फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हाच सा, मोजायचीही गरज नाही. रचना मायनर (कोमल गंधाराच्या सप्तकातली) असेल तर असा काढलेला सा सोडून त्याच्या ध वर बसायचं. शेवटच्या बारमधला (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला भाग) डाव्या हाताचा सर्वात खालचा स्वर बहुधा सांगतो की मेजर की मायनर.

पेटीवाले एका ठिकाणी हमखास फसतात. शार्प म्हणजे तीव्र आणि फ्लॅट म्हणजे कोमल असं धरू नका. जी मेजरमधला एफ शार्प हा शुद्ध नि आहे. एफ मेजरमधला बी फ्लॅट हा शुद्ध म आहे. कागदावरची चिन्हं कोणती पट्टी दाबायची ते सांगतात, सप्तकातलं नातं तुम्ही कानाने लावायचं. आणखी एक नियम: बारच्या मधे आलेला शार्प, फ्लॅट किंवा नॅचरल (शार्प-फ्लॅट रद्द करणारं चिन्ह) त्या बारच्या शेवटापर्यंत, त्याच रेघेवर किंवा घरात लागू राहतो. पुढच्या बारमध्ये तो सुटतो.

साइट रीडिंगचा, म्हणजे न पाहिलेलं पान थेट वाजवण्याचा, रोजचा सराव दहा मिनिटांचा, पण रोज नवं पान. तुम्ही बसवून वाजवता त्याहून दोन-तीन ग्रेड खालचं. वाजवण्याआधी अर्धा मिनिट फक्त पाहायचं: की सिग्नेचर, टाइम सिग्नेचर (३/४ सारखे, बारमधल्या मात्रा सांगणारे आकडे), सर्वात लहान स्वरमूल्य कुठे आहे, दोन्ही हात कुठून सुरू होतात, मोठी उडी कोणत्या बारमध्ये आहे. लय सर्वात कठीण बारला झेपेल अशी ठेवा, मेट्रोनोम ५० ते ६०. सुरू केल्यावर थांबायचं नाही, चुकलेला स्वर दुरुस्त करायला मागे यायचं नाही. मागे येण्याची सवय लागली की डोळा पुढे जाणंच बंद होतं, आणि वाचन म्हणजे डोळा हातापेक्षा निदान एक मात्रा पुढे असणं. हाताकडे पाहू नका, काळ्या पट्ट्यांचे दोनाचे आणि तिनाचे गट बोटांनी चाचपून जागा शोधा. एक पान दोनदा वाजवलं की उलटायचं. तुमच्यासारख्या तयार कानाच्या माणसाला आठ बार दोन वेळांतच पाठ होतात आणि तिसऱ्यांदा जे वाजतं ते आठवणीतून. म्हणूनच कानाने वाजवणाऱ्यांना एका पानाची घोटणी नको, भरपूर सोपी पानं हवीत. बार्टोक या संगीतकाराच्या मिक्रोकॉस्मॉस या पियानो-पुस्तकमालेचा पहिला खंड यासाठी उत्तम: सुरुवातीला दोन्ही हात एकच धून पाच स्वरांच्या आत वाजवतात, आणि धुनी अशा वळतात की कानाला पुढचा स्वर सहज ओळखता येत नाही. डोळ्यावर विसंबावंच लागतं.

तिरकिट

स्वरांबद्दल वर नीट आलं आहे. पण नवशिक्यांचं वाचन जिथे कोसळतं ती जागा बहुतेक वेळा लय असते. ठिपका बरोबर ओळखला तरी तो किती वेळ धरायचा यावर हात अडतो.

तबल्याचे बोल वापरा. क्रॉचेट म्हणजे एक मात्रा: धा. दोन क्वेव्हर: धागे. चार सेमीक्वेव्हर: तिरकिट. एका मात्रेत तीन: तकिट. मिनिम दोन मात्रा, सेमीब्रेव्ह चार. नवं पान घेतलं की आधी स्वर विसरून फक्त लय तोंडाने म्हणा आणि मांडीवर दोन हातांनी वाजवा, उजवा ट्रेबलची, डावा बेसची. दोन मिनिटं लागतात आणि अर्ध्याहून अधिक चुका तिथेच संपतात. टिंब लावलेला क्रॉचेट आणि पुढे एक क्वेव्हर ही जोडी सगळ्यांना छळते. मनात 'धागे धागे' चालू ठेवा, पहिल्या 'धा'वर पट्टी दाबा आणि शेवटच्या 'गे'वर दुसरी. मधलं फक्त मनात.

भातखंडे पद्धत येणाऱ्यांसाठी काही चिन्हं उलटी पडतात. आपल्याकडे स्वरांखालची कमान म्हणजे एवढे स्वर एका मात्रेत. स्टाफमध्ये कमान एकाच उंचीच्या दोन ठिपक्यांना जोडत असेल तर दुसरा ठिपका पुन्हा वाजवायचा नाही, धरून ठेवायचा. वेगवेगळ्या उंचीचे ठिपके जोडत असेल तर ते सलग, न तोडता वाजवायचे. आपल्याकडे स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र. स्टाफमध्ये ठिपक्याच्या वर किंवा खाली टिंब म्हणजे स्वर तोडून वाजवा, आणि बाजूला टिंब म्हणजे मूल्य दीडपट. सप्तकाशी टिंबाचा काहीही संबंध नाही.

बारची पहिली मात्रा वजनदार असते पण ती सम नव्हे. आवर्तन मोजू नका, तालातली 'खाली' शोधू नका. ३/४ आणि ६/८ मध्ये क्वेव्हर सहाच असतात, पण ३/४ म्हणजे धागे धागे धागे आणि ६/८ म्हणजे तकिट तकिट. दादऱ्याचा अंदाज ६/८ ला जवळचा.

पांढरी_सहा

मंद्रसप्तक यांच्या एका मुद्द्याला पुरवणी द्यायची आहे, काहीसा विरोधही. सगळं सारेगमवर टांगू नका. सा-रे-ग ही नाती आहेत, पट्टी बदलली की जागा बदलतात. रचना मधेच जी मेजरमधून डी मेजरमध्ये गेली, आणि अगदी लहान रचनाही दुसऱ्या भागात असं करतात, तर तुमचा सा कागदावर न सांगता सरकलेला असतो. त्या क्षणी फक्त सारेगमने वाचणारा गोंधळतो. शिवाय गिटारवाला 'पुढचा कॉर्ड डी सेव्हन' म्हणाला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर) तर तुम्हाला डी, एफ शार्प, ए, सी हे स्वर नावानिशी सापडायला हवेत.

म्हणून दोन कामं दोन नावांनी करा. कुठे आहे ते सी-डी-ई ने, काय लागतो ते सारेगमने. पहिले दोन महिने वाचताना सी-डी-ई तोंडाने म्हणा, सारेगम म्हणू नका. ते कानात असतंच, त्याला सांगावं लागत नाही.

रोज मिनिटभर एवढं करा: डोळे मिटून कोणतंही अक्षर घ्या, समजा ए, आणि पियानोवर सगळे ए खालून वर वाजवा. ८८ पट्ट्यांवर ते आठ असतात.

काळी_पाच (धागाकर्ता)

तिघांचेही आभार. शार्प आणि तीव्र हा घोळ नेमका माझाच होता, एफ शार्प दिसला की हात तीव्र मध्यमाच्या भावनेने जायचा. कमानीचंही तसंच.

तिसऱ्या प्रश्नावर कोणी लिहाल का? वाचन सुधारेल असं आता दिसतंय. पण कागद समोर ठेवून स्वतःचं काही घडवायचं कसं, हे अजून कळत नाही.

स्वरविस्तार

छापील पान म्हणजे सगळं ठरलेलं, ही समजूत पाश्चात्त्य संगीतातही बरीच अलीकडची आहे. अठराव्या शतकातल्या वादकाला पुष्कळदा फक्त डाव्या हाताची ओळ आणि तिच्यावर आकडे मिळत. आकड्यांवरून कॉर्ड ओळखून उजव्या हाताने तो स्वतः भरायचा. मोत्सार्टच्या के. ५३७ या पियानो कॉन्चेर्तोच्या (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) हस्तलिखितात डाव्या हाताचा मोठा भाग लिहिलेलाच नाही. बेटहोवेनने आपल्या कॉन्चेर्तोंचे कॅडेन्झा (वाद्यवृंद थांबून एकट्या वादकाने वाजवायचे भाग) १८०९ च्या सुमारास लिहून काढले, तोवर त्या जागा वाजवणाऱ्याच्या होत्या. आणि बाखने १७२३ मध्ये आपल्या इन्व्हेन्शन्सच्या मुखपृष्ठावर हेतू स्पष्ट लिहिला आहे: शिकणाऱ्याने दोन आवाज स्वच्छ वाजवावेत, शिवाय चांगल्या कल्पना सुचाव्यात, त्या फुलवता याव्यात आणि रचना करण्याची गोडी लागावी. वाचणं आणि घडवणं हा एकाच शिक्षणाचा भाग होता. पान वाचून तिथेच थांबणं ही आपली सवय आहे, पानाची सक्ती नव्हे.

आता प्रत्यक्ष. जी मेजरमधला मिन्युएट (तीन मात्रांच्या नृत्यलयीतली लहान रचना) घ्या, बाखच्या नावाने प्रसिद्ध असलेला पण मुळात क्रिस्टियान पेत्सोल्डचा. बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत तो आहे, स्वामित्वहक्क कधीच संपलेला, त्यामुळे इंटरनेटवर फुकट आणि रीतसर मिळतो. लय ३/४, एक शार्प, म्हणजे सा पांढरी पाचवर. पहिले आठ बार उजव्या हाताचे असे. स्वल्पविरामाआधीचा स्वर क्रॉचेट, नंतरचे चार क्वेव्हर, आणि सुटे तीन असतील तिथे तीन क्रॉचेट:

प, सारेगम | प सा सा | ध, मपधनि | सां सा सा | म, पमगरे | ग, मगरेसा | नि़, सारेगसा | रे

हे इथे फक्त बोलण्यासाठी लिहिलं. तुम्ही स्टाफवरूनच वाचा, आधी कागदावर आहे तसंच, लयीत. मग पुढचं.

पहिलं काम, सांगाडा काढा. उजव्या हातात प्रत्येक बारचा फक्त पहिला स्वर, बारभर धरून: प प ध सां म ग नि़ रे. डाव्या हातात मुख्य खालचे स्वर: सा ग म ग रे सा प प. एकत्र वाजवून ऐका. दोन्ही हातांतलं अंतर जवळजवळ सगळीकडे तिसऱ्या, पाचव्या किंवा सहाव्या स्वराचं येतं. रचनाकाराचा खरा निर्णय हा. मधले क्वेव्हर एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचे रस्ते आहेत, आणि रस्ते बदलता येतात. पेटीवर तुम्ही दोन न्यासांच्या, म्हणजे थांबायच्या स्वरांच्या, मधे जागा भरता तेव्हा हेच करत असता.

दुसरं, रस्ते बदला. सांगाडा आणि लय तशीच, 'एक क्रॉचेट, चार क्वेव्हर' हे बंधन पाळायचं, पण चार क्वेव्हर तुमचे. नियम एकच: चौथा क्वेव्हर पुढच्या बारच्या पहिल्या स्वराच्या लगतचा हवा. पहिल्या बारमध्ये सारेगम ऐवजी 'धनिसांध' घेतलं तर पुढचा प मिळतो. 'मगमध' घेतलं तरी मिळतो. आठही बार असे भरा. लगतचा स्वर का? दुरून उडी मारून सांगाड्याच्या स्वरावर आलात तर बारची पहिली मात्रा तुटल्यासारखी वाटते आणि मिन्युएटची चाल मोडते. हात तयार झाल्यावर हा नियम मुद्दाम तोडून पाहा, म्हणजे तो कशासाठी होता हे कानाला कळेल.

तिसरं, सूर तेच ठेवून थाट बदला. ग, ध, नि कोमल करा, म्हणजे आसावरी थाट, तिकडचा जी मायनर. सातव्या बारचा नि मात्र शुद्ध ठेवून पाहा, सा कडे जायची ओढ त्यातच आहे. आता कागदावर हे कसं दिसेल? बी आणि ई वर दोन फ्लॅट की सिग्नेचरमध्ये, आणि तो शुद्ध नि एफ शार्प म्हणून बारमध्ये सुटा लिहिलेला. त्याच वहीत जोडीचा जी मायनर मिन्युएट आहे. दुसऱ्या दिवशी तो वाचायला घ्या. चिन्हं का आहेत हे हाताने आधी करून पाहिलेलं असल्यामुळे डोळा त्यांच्यापाशी थबकत नाही.

चौथं, पट्टी बदला. काळी पाचवर तुम्ही हे कानाने पाच मिनिटांत वाजवाल, ती तुमची जमेची बाजू. पण त्यानंतर बी फ्लॅट मेजरमध्ये पहिले चार बार हाताने लिहून काढा. रोज चार बार लिहिणं मी सगळ्यात वर ठेवीन. आजच्या विस्तारातले तुम्हाला आवडलेले चार बार कोऱ्या स्टाफवर पेन्सिलने लिहायचे, लय तपासायची, दुसऱ्या दिवशी ते कागदावरून वाजवायचे. लिहिणाऱ्याचं वाचन झपाट्याने सुधारतं, कारण 'धा गे' मधल्या कोणत्या जागी टिंब येतं हे त्याने स्वतः ठरवलेलं असतं. म्युझस्कोअर हे फुकट सॉफ्टवेअर बारमधल्या मात्रा जास्त होऊ देत नाही, म्हणून सुरुवातीला त्यात लिहिलं तरी चालेल. मात्र पट्टी दाबून आपोआप लिहून घेऊ नका, त्यात तुमचा डोळा काहीच शिकत नाही.

पाऊण तास असा वाटा: दहा मिनिटं नवं पान, पंधरा मिनिटं चालू रचना कागदाप्रमाणे, पंधरा मिनिटं त्याच रचनेवर वरची कामं, शेवटची पाच लिहायला. विस्तार वेगळ्या दिवशी ढकलू नका. ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी ते बदललं पाहिजे, नाहीतर हाताला सवय लागते की कागद दिसला म्हणजे आज्ञा पाळायची.

एक इशारा. कागदाप्रमाणे वाजवायच्या पंधरा मिनिटांत एकही स्वर बदलायचा नाही. कानाने वाजवणारे नकळत डावा हात सोपा करतात, बोटं आपल्या सोयीने टाकतात, आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात. कागदावरचं जसंच्या तसं वाजवता येत असेल तरच तुम्ही केलेला बदल हा बदल ठरतो. मी यावर तडजोड करणार नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून एक भर. चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये पोरांना आधी सोल्फेजो म्हणजे ठिपके पाहून गाणं, मग व्हायोलिन, अशी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. वाद्याआधी गळा. तिथून तयार झालेले वादक मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले. संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर सांगायचे, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखी माणसं ती वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवायची. यांच्यातलेच कित्येक जॅझही वाजवत, चिक चॉकलेट हे तर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमधल्या बँडचे ट्रम्पेटवादक. स्टुडिओत कागद, बँडमध्ये सुचेल ते. गोन्साल्विस यांनी तर पुढे जाऊन रागांवर आधारलेल्या रचना सिम्फनी वाद्यवृंदासाठी लिहिल्या. म्हणून काळी_पाच, नवं पान वाजवण्याआधी उजव्या हाताची ओळ गाऊन बघा. गाता आली तर डोळ्याने वाचली, नाही आली तर तुम्ही बोटांनी अंदाज लावताय.

परीक्षा द्यायची इच्छा असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या इनिशियल ते पाचव्या ग्रेडमध्ये पूरक चाचण्यांपैकी एक म्हणून इम्प्रोव्हायझेशन निवडता येतं. सोबत साइट रीडिंग घ्या, दोन्ही अंगांना मुदत आणि शिस्त मिळते.

आणि लीड शीट विसरू नका. उजव्या हाताची चाल ठिपक्यांत, वर कॉर्डची नावं, डावा हात पूर्ण तुमचा. आवडीच्या भावगीताचं स्वतः लीड शीट करा.

काळी_पाच (धागाकर्ता)

मिन्युएटचा सांगाडा वाजवून पाहिला. डाव्या हाताचे स्वर असे उघडे ऐकले की उजवीकडे आपोआप काही सुचतं, हे खरं आहे. दोन शंका उरल्या. लीड शीटवरून वाजवताना डाव्या हातात तीन स्वरांचा कॉर्ड खाली घेतला की गढूळ ऐकू येतं. आणि रागावर आधारलेल्या चालीला कॉर्ड लावले की राग बिघडल्यासारखा वाटतो. पियानोवर यावर काय करायचं?

मंद्रसप्तक

गढूळपणा पियानोचा दोष नाही. खालच्या तारांमध्ये उपस्वर भरपूर आणि ठळक असतात. सा-ग इतके जवळचे स्वर तिथे एकत्र घेतले की उपस्वर एकमेकांवर आदळतात. बेस क्लेफच्या घरातल्या सीच्या खाली सा-सां किंवा सा-प एवढंच घ्या, ग वर ठेवा. करंगळीने सा, तर्जनीने प, अंगठ्याने सां असं सुटं वाजवून आठवडाभर प्रत्येक कॉर्डवर एवढंच करा. मग सां च्या जागी वरचा ग घ्या, सा-प-गं. हात एवढा पसरत नसेल तर मनगट फिरवून एकेक स्वर वाजवा, ताणून धरू नका, दुखापत होते. तिन्ही स्वर जवळजवळ हवे असतील तर मधल्या सीच्या आसपास घ्या.

पेडल पुन्हा पुन्हा बदला. नवा कॉर्ड वाजताक्षणी पाय उचला आणि लगेच दाबा. वाजायच्या आधी दाबून ठेवलं तर मागचा कॉर्ड पुढच्यात मिसळतो. विस्ताराचा सराव करताना पहिले काही आठवडे पेडल अजिबात नको, बोटांनी स्वर धरायला शिका.

रागासाठी कॉर्ड हा पहिला विचार नकोच. डाव्या हाताला आधी तंबोरा करा: सा-प, पंचम वर्ज्य असेल तर सा-म, उदाहरणार्थ मालकंसात. त्यावर दुसरा आवाज चालवा, मिन्युएटच्या सांगाड्यासारखा, प्रत्येक न्यासाच्या स्वराखाली रागातलाच एक स्वर, तिसरा किंवा सहावा. कॉर्डमधला एकही स्वर रागाबाहेरचा येत नाही ना हे तपासा. पेटीवर सवयीचा मेजर कॉर्ड दाबला की बरेचदा वर्ज्य स्वर तिथूनच शिरतो. हा दुसरा आवाज बेस क्लेफमध्ये लिहा. मालकंसासाठी सा सीवर घेतलात तर ई, ए, बी हे तीन फ्लॅट लागतील आणि डी, जी कुठेच दिसणार नाहीत, चूक कागदावर लगेच उघडी पडते.

पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर तसाच राहतो, पियानोचा वाजल्यापासून विरत जातो. अभंगातला चार मात्रांचा लांब स्वर पियानोवर तिसऱ्या मात्रेला पातळ होतो. तिथे उजव्या हाताने तो स्वर पुन्हा छेडू नका. त्या दोन मात्रांत डाव्या हाताला चालू द्या, एक-दोन क्वेव्हर पुरतात, आणि ते लिहून ठेवा.